बडनेरा, अकोला, वानवडी

जानेवारी १९७२. तुम्ही रेल्वेच्या अरुंद बर्थवर उताणे आहात आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला खाज सुटली आहे. खाजवायला हात खाली नेता, तर गुडघ्याखाली पायच नाही.

घाबरू नका. मन तुमचंच आहे, आजच्या काळातून आलेलं. शरीर मात्र दर्यापूरकडच्या बावीस वर्षांच्या एका जवानाचं. महिन्याभरापूर्वी, १९७१च्या युद्धात, पूर्व सीमेवर त्याच्या पायाखाली सुरुंग फुटला. पलटणीच्या डॉक्टरनं पट्टा आवळून मॉर्फिन टोचलं, स्ट्रेचरवाल्यांनी ड्रेसिंग स्टेशन गाठलं, तिथून फील्ड हॉस्पिटल, मग कलकत्त्याचं लष्करी रुग्णालय. अंगावर बांधलेल्या कार्डावर प्रत्येकानं पुढच्यासाठी लिहून ठेवलं : कोणतं औषध, किती, किती वाजता. तुम्ही बेशुद्ध होतात, तेव्हा तुमच्या वतीनं ते कार्ड बोलत होतं. एकाही ठिकाणी पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागलं नाही. लष्करी वैद्यकसेवेत मला सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट. एका हातानं सोडण्याआधी दुसऱ्या हातानं धरलेलं असतं.

बडनेरा येतं. फलाटावर कापसाच्या गाठी रचलेल्या. तुम्ही मान वळवून पाहत राहता, कारण या शरीराला तो वास ओळखीचा आहे.

अकोल्याला माय उभी आहे. तार मिळाल्यावर रात्रीच निघालेली. डब्यात चढते, चादरीच्या सपाट भागाकडे बघते.

"कुठी ठेवला रे बापू पाय?"

तुम्हाला उत्तर सुचत नाही. केरळची सिस्टर लेफ्टनंट आहे, तिला मराठीचा एक शब्द येत नाही. पण ती चादर बाजूला करते, मायचा हात धरून ड्रेसिंगच्या कडेवरून फिरवते. रक्त नाही, पू नाही, सूज उतरलेली. माय स्वतःच्या बोटांनी खात्री करून घेते. गार्डाची शिट्टी होईपर्यंत तिला कुणी उतर म्हणत नाही.

पुणे. वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र, १९४४ साली महायुद्धातल्या जखमींसाठी उभं राहिलेलं. पाय लगेच मिळत नाही. आधी उरलेल्या भागाला रोज पट्टी आवळून आकार द्यायचा, तोही स्वतःच्या हातानं. तुम्ही लाजत डॉक्टरला सांगता की नसलेला अंगठा खाजतो. ते हसत नाहीत. "खाज खरीच आहे," म्हणतात. "पाय गेला, पण मेंदूला अजून तो आहेच असं वाटतं." कलकत्त्यापासून दडवून ठेवलेली वेडं होण्याची भीती त्या एका वाक्यानं जाते. दुखणं बरं करण्याआधी रोग्याचं दुखणं मान्य करणं, हा उपचाराचा अर्धा भाग आहे असं मी ठामपणे मानतो.

मग प्लास्टरचा साचा, त्यावरून घडवलेली खोबण. पहिल्याच दिवशी ती घासते, कातडी लाल होते. कारागीर खडूनं खूण करतो, आत नेऊन घासतो, पुन्हा चढवतो. पुन्हा. समांतर दांड्यांमध्ये तुम्ही पाच पावलं टाकता आणि घामानं भिजता. वॉर्डात कुणी कीव करत नाही, कारण प्रत्येकाचं काही ना काही गेलेलं आहे.

याच युद्धात पाय गमावलेले मेजर इयान कार्डोझो इथूनच कृत्रिम पाय घेऊन पुढं बटालियनचं नेतृत्व करतील. १९६५च्या लढाईत गोळ्या लागलेले, उपचार म्हणून पोहायला लागलेले सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर याच वर्षी हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकतील. तुम्हाला हे माहीत आहे. शेजारच्या खाटेवरच्या पोराला अजून नाही, आणि सांगायला तुमची जीभ शिवशिवते.

"घरी काम काय?" डॉक्टर विचारतात.

"वावर हाय साहेब. पऱ्हाटी, जवारी."

ते थोडा वेळ गप्प राहतात. "पावसाळ्यात काळ्या मातीत हा पाय रुतेल. उकिडवं बसता येणार नाही." खोटी आशा देत नाहीत. तिकडं जयपूरला रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी अनवाणी चालता येईल, मांडी घालता येईल असा रबरी पाय नुकताच तयार केला आहे. तुमच्यापर्यंत तो अजून पोचलेला नाही.

हे केंद्र नागरिकांनाही अवयव बसवतं. पण अकोल्याच्या जिनात हात गेलेल्या मजुराला वानवडीचा रस्ता कोण दाखवणार? त्याच्या अंगावर कार्ड बांधणारं कुणी नव्हतं, याचं दुःख मला होतं.

आता काळ पुढं सरकवा. १ एप्रिल २००३ला माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना, ईसीएचएस, सुरू झाली. तुम्ही पन्नाशी ओलांडलेले, अमरावतीच्या पॉलिक्लिनिकमध्ये बाकावर बसलेले. शेजारी बायको. तुमचा पाय रुतायचा म्हणून तीस वर्षं चिखलातली निंदणी तिनंच केली, आणि आता तिचे दोन्ही गुडघे धरले आहेत. खिडकीतला माणूस आधी तिचं नाव पुकारतो.

"माह्या नावाचंबी कार्ड हाय काय?" ती तुम्हाला विचारते.

"हाव. चाल, ऊठ."