गोधडीचा ताळेबंद

इतिहास लिहायचा तर साधने हवीत, असे इतिहासकार सांगतात. साधने म्हणजे ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी आणि जुनी पत्रे. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. हा रुमाल खिशातला नव्हे. कागदांचे गठ्ठे ज्यात बांधून ठेवतात ते चौकोनी फडके. संशोधक येतो, गाठ सोडतो, कागद वाचतो, प्रबंध लिहितो, डॉक्टर होतो आणि पुन्हा गाठ मारून घरी जातो. त्या फडक्याकडे कुणी ढुंकून पाहिल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

मी इतिहासकार नव्हे. बी. कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि गेली बावीस वर्षे काउंटरमागून जगाकडे पाहतो आहे. त्यामुळे कोणतीही वस्तू दिसली की ती जमेला टाकायची की नावे, हा विचार आधी येतो. या नजरेने पाहिले तर एक गोष्ट लख्ख दिसते. आपल्या घरांचा सर्वांत चोख हिशेब कागदात नसून फडक्यांत लिहिलेला आहे, आणि त्या हिशेबाच्या वहीला गोधडी म्हणतात. आमच्या सातारकडे वाकळ म्हणतात. घोंगडी वेगळी बरं का! घोंगडी लोकरीची, मागावर विणलेली. ती मुळात नवी असते. गोधडी जन्मतःच जुनी असते.

वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला आम्हाला ‘घसारा’ नावाचे प्रकरण होते. वस्तू वापरली की दरसाल तिची किंमत घटते आणि शेवटी उरते ते भंगारमूल्य. ही कल्पना साहेबाने आणली अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. पुढे बौद्धांच्या विनयपिटकातली एक गोष्ट वाचनात आली. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी भिक्षू आनंदाला एकदम ५०० उत्तरीये दान दिली. राजाला शंका आली की या संन्याशाला कापडाचे दुकान काढायचे आहे की काय. तो तडक आनंदाकडे गेला आणि ऑडिटरच्या थाटात प्रश्न विचारू लागला. एवढ्या वस्त्रांचे काय करणार? ज्यांची चीवरे विरली आहेत त्या भिक्षूंना वाटणार. मग त्यांच्या जुन्या चीवरांचे? पलंगपोस करणार. जुन्या पलंगपोसांचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची अंथरुणे. त्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची धूळझाडणी, आणि धूळझाडणी पार झिजली की ती चिरून, चिखलात कालवून त्याने जमीन लिंपणार. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी ५०० वस्त्रे मंजूर केली. कर्जाचा अर्ज इतक्या झटपट मंजूर झाल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

त्याच ग्रंथात भिक्षूंच्या चीवराची जन्मकथाही आहे. उकिरड्यावरून, स्मशानातून वेचलेल्या चिंध्यांना पांसुकूल म्हणत आणि त्या जोडून वस्त्र करीत. मगधातली बांधाबांधांनी आखलेली शेते बघून बुद्धांनी आनंदाला तशाच आखणीचे चीवर करता येईल का, असे विचारले आणि आनंदाने ते करून दाखवले. कापूस, रेशीम, लोकर, ताग धरून सहा जातींचे कापड चालत असे. तेव्हा न जुळणाऱ्या कापडांना शेजारी बसवण्याची कला आपल्याकडे पुष्कळ जुनी आहे. ‘कंथा’ हा संस्कृत शब्द याच चिंध्यांच्या पांघरुणाचा.

आता गोधडीच्या रचनेकडे वळू. खाली एक जुने लुगडे अंथरायचे, वर एक, आणि दोहोंच्या मध्ये पोट. पाठ आणि तोंड चारचौघांत दिसते म्हणून तिथे बऱ्या अवस्थेतली लुगडी, धोतरे. पोटात मात्र काहीही चालते. फाटकी बनियन, उसवलेल्या उशीचा अभ्रा, छत्रीचे कापड, पिठाच्या पिशव्या, टॉवेलचा अर्धा भाग (उरलेला अर्धा अजून वापरात असतो). आमच्या हिशेबात ‘संकीर्ण खर्च’ नावाचा एक रकाना असतो. ज्याचे नाव सांगायची लाज वाटते ते सगळे तिथे जाते. गोधडीचे पोट म्हणजे घराचा संकीर्ण खर्च.

मग चौघीजणी चार कडांना बसतात आणि कडेकडेने धावदोरा घालत मध्याकडे सरकतात. येथे माझा धंदा कामाला येतो. बँकेत आम्ही नमुना सही बघून चेक पास करतो. गोधडीवरचा टाकासुद्धा सहीच असतो. एकीचा टाका तांदळाएवढा, दुसरीचा शेंगदाण्याएवढा. तिसरीच्या ओळी रुळासारख्या सरळ, चौथीची ओळ बोलण्याच्या नादात शेजारणीच्या ओळीवर चढलेली. माझ्या आजीला सात-बाऱ्यावर अंगठा उठवावा लागे, पण तिची सही आमच्या घरातल्या पाच वाकळींवर आजही वाचता येते. अंगठा उठवणारे लाखोंनी असतील, तसला टाका दुसरा नाही.

आणि या वहीत नोंदी तरी कसल्या? सबंध देशाच्या. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी काढण्यासाठी कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. पुढे गिरण्या वाढत गेल्या तसतसे हातमागाच्या जाड्याभरड्याशेजारी गिरणीचे धोतर आणि छापील चीट गोधडीत येऊन बसले. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली आणि १९४३ साली सरकारने कापडावर नियंत्रण आणले. त्या काळातली गोधडी हातात घ्या, तुकडे बघा. ठिगळाला ठिगळ, त्याला पुन्हा ठिगळ. महायुद्धावर जाडजूड ग्रंथ झाले, पण ते आपल्या माजघरापर्यंत कसे आले हे त्या ठिगळांइतके थोडक्यात कुणी सांगितलेले नाही.

साठच्या दशकात टेरिलीन आले. १९४१ साली इंग्लंडात दोन रसायनशास्त्रज्ञांनी शोधलेला हा धागा. याला इस्त्री लागेना, तो चुरगळेना, विटेना. घराघरांत आनंदीआनंद झाला. फक्त गोधडी शिवणाऱ्या बायका हवालदिल झाल्या. कारण गोधडीचा सारा कारभार कपडा विरण्यावर चालतो आणि हा तर निवृत्तीचे वय उलटून गेले तरी खुर्ची न सोडणाऱ्या साहेबासारखा. सुई घातली की सटकतो, घाम पीत नाही, आणि सुती शेजाऱ्याशी त्याचे जमत नाही. तरीही टेरिलीनचे शर्ट गोधडीत गेलेच. सुताच्या दोन घड्यांमध्ये दाबून बसवले की तोही निमूट झोपतो. संयुक्त कुटुंब याहून वेगळे काय असते?

आमच्या घरी एक वाकळ आहे, तिची तारीख मला नक्की सांगता येते. वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसे बाहेर आली. महिने गेले, वर्ष गेले. संप संपल्याचे रीतसर कुणी जाहीर केले नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर खाते बंद झाले नाही, नुसते निष्क्रिय होऊन पडले. पुष्कळांनी गावची वाट धरली, त्यात आम्हीही होतो. मी तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा. पुढची हकिगत आईने सांगितलेली.

गावी आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात आईने वाकळ घातली. तिच्याजवळ वडिलांच्या गिरणीत घालायच्या दोन खाकी हाफ पँटी होत्या. त्या आता लागणार नाहीत, हे घरात कुणी बोलले नव्हते. आजी म्हणाली, “अगं, पुरुषाची चड्डी कुणी वाकळंच्या तोंडावर लावतं का? पोटात घाल की!” शास्त्र आजीच्या बाजूचे होते. आईने सासूचा शब्द कधी खाली पडू दिला नाही, पण त्या दिवशी तिने पँटी उसवून चार खाकी चौकोन कापले आणि बरोबर मधोमध लावले. एका बाजूला तिच्या लग्नातल्या शालूचा काठ, दुसऱ्या बाजूला माझ्या झबल्याचा पिवळा तुकडा. आजी थोडा वेळ गप्प बसली आणि मग तिनेच एका चौकोनाच्या कडेने टाके घालायला घेतले. तिथला टाका तांदळाएवढा आहे. वडील पुढे तालुक्याच्या गावी रखवालदारीला लागले. गिरणीबद्दल ते फारसे बोलत नसत. पण थंडीच्या दिवसांत दुसरी कुठलीही वाकळ त्यांना चालली नाही, आणि पांघरताना खाकी बाजू ते नेहमी वर घेत.

हे आमच्याच घरचे वेड असे मला वाटत असे. पण अशीच एक गोष्ट अमेरिकेत अलाबामा राज्यातली निघाली. तिथे नदीच्या वळणात जीज बेंड नावाचे कृष्णवर्णीयांचे खेडे आहे. मूळचा तो कापसाचा मळा. पेटवे नावाच्या गोऱ्या मालकाने गुलामांना आपलेच आडनाव दिले. गुलामी गेली, आडनाव राहिले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, दक्षिणेची बंदरे अडवली गेली आणि तिकडचा कापूस थांबला, म्हणून इंग्लंडला आपला कापूस लागला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. म्हणजे त्या खेड्याचे आणि आपल्या गिरणगावाचे कापसाच्या धाग्याचे नाते फार जुने.

या खेड्यातल्या बायका पिढ्यान् पिढ्या चिंध्यांच्या रजया शिवत आल्या. शेतात घालायच्या विजारी, गुडघ्यावर झिजलेली डेनिम, पिशव्या, जे हाताला लागेल ते. १९७२ च्या सुमारास सिअर्स या कंपनीने तिथल्या भागातल्या बायकांच्या सहकारी संस्थेला कॉर्डुरॉयच्या उशांच्या खोळी शिवायचे काम दिले. खोळी एकसारख्या हव्या होत्या, तशा त्यांनी शिवून दिल्या. उरलेल्या तुकड्यांच्या मात्र अशा रजया केल्या की एकीसारखी दुसरी नाही. पोटासाठी नियम पाळायचे आणि पांघरुणासाठी मोडायचे, हे आमच्या आईलाही पटले असते.

त्याच खेड्यातल्या मिसूरी पेटवे या बाईंचा नवरा गेला. १९४२ सालची गोष्ट. त्यांनी त्याचे कामाचे कपडे काढले, फाडले आणि त्याची रजई शिवली. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेची ऊब अंगावर असावी म्हणून, असे त्यांच्या लेकीने, आर्लोंझिया पेटवे यांनी, पुढे सांगितले. या गावच्या रजया २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर टांगल्या गेल्या. मोठमोठ्या समीक्षकांनी त्यांत आधुनिक चित्रकला पाहिली. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने दहा रजयांची तिकिटे काढली. त्या बायकांची नावे पुस्तकांत छापली गेली. आपल्या बायकांनीही चित्रेच काढली. फक्त आपण ती अंगाखाली घेऊन झोपलो.

आता आपल्याकडेही गोधडीला बरे दिवस आले आहेत. बचत गटांच्या बायका गोधड्या शिवतात, त्या प्रदर्शनांत विकल्या जातात, परदेशी जातात. हाताला दाम मिळतो ही आनंदाची गोष्ट, त्याबद्दल नाक मुरडण्याचा मला अधिकार नाही. मात्र परवा सौ.बरोबर एका प्रदर्शनात गेलो तर तिथे दुकानातले कोरे कापड मुद्दाम कापून त्याची ठिगळे केलेली. निळ्याला निळे, गुलाबीला गुलाबी. सौ. किंमत वाचून म्हणाली, “एवढ्यात चार ब्लँकेटं येतील.” मी म्हटले, “त्याचं काही नाही गं, पण या वहीत एकही नोंद नाही.” विक्रेतीने माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिले.

घरी येऊन आम्ही आमची गोधडी घालायला काढली आहे. सौ.ने फर्मान काढले की काहीही टाकायचे नाही. कन्येची फाटकी जीन्स (ती म्हणते, फाटकी नाही, फॅशन आहे), चिरंजीवांचा शाळेचा टाय, प्रत्येक निवडणुकीत प्रत्येक पक्षाने दिलेले टी-शर्ट (गोधडीत सर्वांची युती होऊ शकते), दिवाळीचा आकाशकंदील झाकायचे फडके. आणि ब्लाउजपीस! हळदीकुंकवाला, ओटीत, बारशाला मिळालेले एकूण सदतीस ब्लाउजपीस कपाटात निघाले. हा कागद नसलेला बेअरर चेक आहे. महाराष्ट्रात तो एका ओटीतून दुसऱ्या ओटीत पाठांकित होत वर्षानुवर्षे फिरतो, पण कुणीही तो वटवत नाही. त्यातला एक मोरपंखी तुकडा आमच्याच लग्नात आम्ही कुणालातरी दिलेला होता, हे सौ.ने काठावरून ओळखले.

तो आता मधोमध लावायचा ठरला आहे. त्याच्या शेजारी काय लावावे यावर घरात वाद चालू आहे. माझे मत माझ्या जुन्या, कोपरावर विरलेल्या ऑफिसच्या शर्टाला आहे. सौ. म्हणते, तो पोटात जाईल. माझ्या आईला विचारले, तर ती चष्मा पुसत एवढेच म्हणाली, “तोंडावर लाव गं. पुढंमागं शोधायला नको.”