परसातील आग आणि न्हाणीतले ऊन पाणी

परशुरामभाऊ पटवर्धनांच्या जहागिरीचे ठाणे असलेले तासगाव 1848 साली वारसाअभावी कंपनी सरकारने खालसा केले, पुढे ते सातारा जिल्ह्याच्या कारभारात गेले, 1949 साली दक्षिण साताऱ्यात आणि 1960 साली नाव पालटून सांगली जिल्ह्यात आले; परंतु दफ्तरे या कचेरीतून त्या कचेरीत फिरत असताना येथील जुन्या वाड्यांतील एक व्यवस्था मात्र पिढ्यान्‌पिढ्या जागची हलली नाही, आणि ती म्हणजे स्नानाचे पाणी तापविण्याची. आग माजघरापासून दूर, परसदारी किंवा न्हाणीच्या पडवीत. आणि तापलेले पाणी तेथून माणसाच्या हाताने, तांब्याच्या घंगाळात. लाकडी तुळया, माळ्यावर रचलेला कडबा आणि धुराने काळवंडणारी भिंत यांचा विचार करता आगीला असे अंतरावर ठेवणे हे शहाणपणच होते. प्रश्न उरतो तो एवढाच, की थंड पाणी भूमिगत नळांतून कोसच्या कोस आणण्याची विद्या या मुलुखाला अवगत असताना ऊन पाण्याला परसापासून न्हाणीपर्यंत नळ कोणी का घातला नाही?

विद्या अवगत होती याविषयी संशयाला जागा नाही. तासगावचा प्रदेशही एके काळी ज्या आदिलशाहीच्या अमलाखाली होता, तिच्या राजधानीस, म्हणजे विजापुरास, महंमद आदिलशहाने 1651 साली बांधविलेल्या बेगम तलावाचे पाणी मातीच्या भाजलेल्या नळांतून जाई. हे खापरी नळ एकमेकांत बसवून, त्यांना चुन्या-दगडाच्या बांधकामात पुरते गाडून, जमिनीखाली 15 पासून 50 फुटांपर्यंत खोल घातलेले होते. पाण्याच्या दाबाने नळ फुटू नयेत म्हणून वाटेत 25 ते 40 फूट उंचीचे मनोरे उभारले होते; त्यांना गंज म्हणत. पाणी मनोऱ्यात वर चढे, त्याचा जोर उतरे, गाळ तळाशी बसे आणि निवळ पाणी पुढे जाई. पुण्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पाणी आणविले, तेव्हा नळाच्या जागी चांगला बांधीव भूमिगत मार्ग केला आणि हवा खेळावी व निगराणी करता यावी म्हणून त्यावर जागोजाग उच्छ्वास ठेवले. या कामांचे मला सर्वांत मोठे वाटणारे वैशिष्ट्य असे, की नळाइतकीच, किंबहुना अधिक, काळजी त्याच्या अंथरुणाची, पांघरुणाची आणि सांध्यांची घेतलेली आहे.

ऊन पाण्याच्या बाबतीत मात्र जाणत्या कारागिरांनी वेगळाच मार्ग पत्करला. मोगली हमामांत भट्टी स्नानगृहाच्या भिंतीलगत पाठीमागे असे आणि भिंतीत बसविलेल्या खापरी नळांतून ऊन पाणी आत येई. आग आणि न्हाणी यांच्यामध्ये अंतर ते काय, तर एका भिंतीचे. आपल्या घरातील बंब तर याहून पुढे गेला. तांब्या-पितळेच्या त्या उभ्या भांड्याच्या मधोमध नळकांडे, नळकांड्यात ढलप्या, गोवऱ्या किंवा कोळसे, खाली जाळी आणि राखेचे दार. वरच्या तोंडातून थंड पाणी ओतावे आणि तोटीतून कढत पाणी घ्यावे. लहानपणी पहाटे परसदारी त्या बंबाशी मी बसत असे, आणि वर चिंचेने घासून लख्ख केलेले तांबे व खाली दारातून दिसणारा लाल निखारा हे चित्र अजून डोळ्यांपुढे आहे. त्या वयात न उमजलेली गोष्ट आता उमजते, ती ही, की तेथे अग्नीला सर्व बाजूंनी पाण्याचेच पांघरूण घातलेले होते. उष्णता बाहेर पळू म्हणाली तरी तिला आधी पाण्यातूनच जावे लागे.

नळाने ऊन पाणी न नेण्याचे कारण साध्या हिशेबाने ध्यानात येते. आतून एक इंच रुंद असलेल्या नळात दर मीटरला सुमारे अर्धा लिटर पाणी राहते. भट्टी वीस मीटर दूर असेल, तर दहा लिटर पाणी नळातच थांबून रात्रभरात निवते, आणि सकाळी तोटी सोडताच ती थंड अर्धी बादली आधी ओतून द्यावी लागते. पाणी वाहत असतानाही नळाची प्रत्येक वीत आपला वाटा मातीला देतच असते. तासगाव तालुक्याच्या नावावरून ‘तास-ए-गणेश’ हे नाव पडलेल्या द्राक्षाच्या बागांत हीच गोष्ट उलट बाजूने दिसते: चैत्र-वैशाखात उघड्यावर पडलेल्या काळ्या नळीतले पहिले पाणी हाताला पोळते, आणि खोल गाडलेल्या पाइपलाइनीतले पाणी मात्र गारच येते. माती थंड पाण्याला राखते. ऊन पाण्याचे ऊनपण तीच हळूहळू गिळते.

मग मातीवर विश्वासच ठेवू नये काय? या प्रश्नाचे उत्तर तासगावापासून फार दूर नसलेल्या हरिपुरात आहे. कृष्णा-वारणेच्या संगमावरील या गावी जमिनीत खोल पेवे खणून त्यांत हळद साठविण्याची रीत होती. तेथील माती अशी की वर्षानुवर्षे हळदीला कीड लागत नसे की तिचा रंग उतरत नसे. परंतु 2005 च्या महापुराचे पाणी आत शिरले आणि कित्येक पेवे कायमची निकामी झाली. माती तीच, खोली तीच. गेला तो केवळ कोरडेपणा. कोरडी माती राखण करते आणि ओली माती नाश करते, ही गोष्ट त्या पुराने ज्यांची पेवे गेली त्यांना कोणी शिकवावी लागत नाही.

परदेशांतही शेवटी याच मुद्द्याशी यावे लागले. अमेरिकेतील लॉकपोर्ट गावी बर्डसिल हॉली याने 1877 साली एका मध्यवर्ती बाष्पकातून घरोघर वाफ नेली, तेव्हा लोखंडी नळाला वेष्टन देऊन त्यावर लाकडाचे कवच घातले. आइसलंडच्या राजधानीत 1930 साली उष्ण झऱ्यांचे पाणी सुमारे तीन किलोमीटर नळातून नेऊन शाळा आणि काही घरे ऊबदार करण्यात आली. आजचा तयार वेष्टित नळ म्हणजे आत पाण्याची नळी, तिच्याभोवती फुगीर फोम आणि सर्वांवर अखंड प्लास्टिकचे कवच. या तिन्हींतील फोमची जाडी विकणारा मोठ्या कौतुकाने सांगतो, परंतु माझ्या मते खरी किंमत कवचाची आणि सांध्यांची आहे. फोममध्ये पाणी शिरले की त्याची दशा पुरानंतरच्या पेवासारखी होते. त्यात इकडची येरळा नदीकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा टाकते, आणि तिच्या ओढाताणीत कच्चा सांधा टिकत नाही.

म्हणून तासगाव परिसरात कोणी नवे घर बांधताना पाणी तापविण्याची भट्टी परसात दूर ठेवण्याची तजवीज करीत असेल, तर त्यास माझी विनंती अशी, की प्रथम ते अंतर जितके तोडता येईल तितके तोडावे. न तुटल्यास स्वस्त नळाला दुकानातील सुटे वेष्टन गुंडाळून मातीत न पुरता अखंड कवचाचाच नळ घ्यावा, चराच्या तळाशी वाळू किंवा बारीक मुरूम अंथरावा, पावसाचे पाणी चरात न मुरता बाहेर निघेल असा उतार द्यावा, नळात दाबाने पाणी भरून एक पुरती रात्र चर उघडा ठेवावा, आणि सकाळी प्रत्येक सांधा स्वतःच्या हाताने चाचपून तो कोरडा लागला तरच माती लोटावी.