शरीरात सापडले की दोषी: नरसिंग यादव आणि एका नियमाचा इतिहास

१८ ऑगस्ट २०१६. रिओ ऑलिम्पिकमध्ये ७४ किलो गटाच्या फ्रीस्टाइल कुस्त्या दुसऱ्या दिवशी होणार होत्या. त्या रात्री क्रीडा लवादाच्या खंडपीठाने भारताच्या नरसिंग यादववर चार वर्षांची बंदी घातली. सलग तीन वर्षे, २०११ ते २०१३, महाराष्ट्र केसरीची गदा जिंकलेल्या मल्लाचे ऑलिम्पिक मॅटवर पाऊल ठेवण्यापूर्वीच संपले. अवघ्या सतरा दिवसांपूर्वी, १ ऑगस्टला, राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेच्या (नाडा) समितीने याच नरसिंगला दोषमुक्त केले होते.

मल्ल तोच, लघवीचे नमुने तेच, निकाल मात्र परस्परविरुद्ध. हे कोडे उलगडायचे, तर क्रीडाविश्वातील एका कठोर नियमाच्या जन्मापर्यंत जावे लागते.

प्रथम पार्श्वभूमी. मूळचे उत्तर प्रदेशातील कुटुंब, मुंबईत दुधाचा धंदा करणारे वडील आणि कांदिवलीच्या साई केंद्रातील सराव, अशी नरसिंगची जडणघडण. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्ण मिळवले. २०१५ मध्ये लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक जिंकून त्याने भारतासाठी रिओची जागाही मिळवली. दोन ऑलिम्पिक पदकांचा मानकरी सुशील कुमार त्या जागेसाठी निवड चाचणी मागत न्यायालयात गेला. दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०१६ मध्ये त्याची मागणी फेटाळली.

त्याच महिन्यात, २५ जूनला, सोनीपतच्या शिबिरात नरसिंगचा नमुना घेतला गेला. त्यात मेथँडिनोन हे स्टेरॉइड आढळले. ५ जुलैच्या दुसऱ्या नमुन्यातही ते होते. त्याच्या खोलीत राहणाऱ्या दुसऱ्या मल्लाच्या नमुन्यातही तेच निघाले. नरसिंगचे म्हणणे असे की, त्याच्या खाण्यापिण्यात कोणीतरी हे द्रव्य कालवले. त्याने पोलिसांत तक्रारही दिली.

हा दावा महाराष्ट्रात अनेकांना पटला, आणि त्यात नवल नाही. वैभववाडीहून करूळ घाट चढून गगनबावड्यामार्गे कोल्हापूर गाठले की जी तालमींची दुनिया सुरू होते, तिथे मल्लाचा खुराक हा जोर-बैठकांइतकाच महत्त्वाचा. दूध, तूप, बदामाची थंडाई. पण एकत्र राहणाऱ्या मल्लांचे जेवण एकाच चुलीवर शिजते. तिथे घातपात अशक्य आहे, असे कोण म्हणेल?

आता नियमाकडे. एक काळ असा होता की बंदी नावाची गोष्टच नव्हती. १९०४ च्या सेंट लुइस ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉनपटू थॉमस हिक्सला त्याच्या साहाय्यकांनी धावता धावता अंड्याच्या पांढऱ्या बलकातून स्ट्रिक्नीन आणि जोडीला ब्रँडी पाजली. स्ट्रिक्नीन म्हणजे कुचल्यातील विष. हिक्स जवळजवळ फरफटत शर्यत पुरी करून गेला, आणि सुवर्णपदक त्यालाच मिळाले. कोणी काही लपवले नाही, कारण लपवण्यासारखे त्यात काही आहे असे कोणाला वाटतच नव्हते.

मृत्यूंनी हे चित्र बदलले. १९६० मध्ये रोमच्या उन्हात डॅनिश सायकलपटू क्नुड येन्सन कोसळला आणि मरण पावला. त्याच्या मृत्यूचे नेमके कारण आजही वादग्रस्त आहे. १९६७ मध्ये ब्रिटनचा टॉम सिम्पसन 'टूर द फ्रान्स'च्या चढावर गेला. त्याच्या शरीरात अँफेटामाइन सापडले. १९६८ पासून ऑलिम्पिकमध्ये चाचण्या सुरू झाल्या. पदक गमावणारा पहिला खेळाडू मात्र एखादा कारस्थानी नव्हता. स्वीडनच्या हान्स-गुन्नार लिलियेनवालने नेमबाजीपूर्वी हात स्थिर राहावा म्हणून, त्याच्याच सांगण्यानुसार, दोन बिअर घेतल्या होत्या.

नरसिंगच्या नमुन्यातील मेथँडिनोनची कहाणीही याच काळातली. १९५४ च्या व्हिएन्ना जागतिक स्पर्धेत अमेरिकी वेटलिफ्टिंग संघाचे डॉक्टर जॉन झीगलर यांना सोव्हिएत खेळाडू टेस्टोस्टेरॉन घेतात, असे कळले. पुढे १९५८ मध्ये सिबा कंपनीने मेथँडिनोन 'डायनाबॉल' या नावाने अमेरिकेच्या बाजारात आणले आणि झीगलर यांनी ते आपल्या खेळाडूंना दिले. ऑलिम्पिकमध्ये स्टेरॉइडची चाचणी सुरू व्हायला १९७६ उजाडले.

आणि मग पूर्व जर्मनी. तिथल्या सरकारने १९७४ पासून अधिकृत गुप्त योजना आखून हजारो खेळाडूंना 'ओरल-टुरिनाबॉल'च्या निळ्या गोळ्या दिल्या. हे औषध मेथँडिनोनचाच क्लोरीनयुक्त भाऊबंद. गोळ्या घेणाऱ्यांत कोवळ्या वयाच्या मुलीही होत्या, आणि त्यांच्यापैकी कित्येकींना ही जीवनसत्त्वे आहेत असे सांगण्यात आले होते. २००० मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने तेथील क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड आणि डॉक्टर मानफ्रेड ह्योपनर यांना दोषी ठरवले. म्हणजे खेळाडूच्या नकळत त्याच्या पोटात औषध जाऊ शकते, हे इतिहासाने न्यायालयात सिद्ध करून दाखवले आहे.

तरीही नियम झाला तो नेमका उलट दिशेचा: द्रव्य शरीरात सापडले की उल्लंघन झाले, हेतू काय होता, हे पुराव्याने दाखवण्याची गरज नाही. कायद्याच्या भाषेत हे कठोर दायित्व. १९९५ मध्ये क्रीडा लवादापुढे अमेरिकेच्या एका नेमबाजाचे प्रकरण आले. कैरोत आजारी पडल्यावर तिथल्या डॉक्टरने दिलेल्या औषधात एफेड्रिन निघाले होते. संबंधित महासंघाची नियमावली पुरेशी स्पष्ट नव्हती, म्हणून नेमबाज जिंकला. पण तत्त्व मात्र लवादाने उचलून धरले. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा: हा नियम एखाद्या खेळाडूवर अन्याय करील हे खरे, पण महत्त्वाच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी अन्नातून विषबाधा होणे हाही अन्यायच असतो. शिवाय प्रत्येक वेळी हेतू सिद्ध करावा लागला, तर उत्तेजकांविरुद्धचा लढाच आटोपेल.

युक्तिवाद क्रूर आहे, पण पोकळ नाही. 'कोणीतरी कालवले' हे वाक्य प्रामाणिक खेळाडू उच्चारतो, तेच अप्रामाणिकही उच्चारतो. बाटलीतली लघवी दोघांत फरक करीत नाही. नोव्हेंबर १९९९ मध्ये जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्था (वाडा) स्थापन झाली आणि तिच्या २००३ च्या संहितेने हे तत्त्व जगभर लागू केले.

संहितेने एक अरुंद दार मात्र उघडे ठेवले. पुरेशी काळजी घेऊनही प्रतिस्पर्ध्याने घातपात केला, असे खेळाडूने स्वतः सिद्ध केले, तर शिक्षा टळू शकते. सिद्ध करण्याचा भार खेळाडूवर. आणि घातपात करणारा जर जोडीदार, प्रशिक्षक किंवा निकटच्या वर्तुळातील असेल, तर हे दारही बंद. कारण आपल्या अन्नाला कोणाचा हात लागू द्यायचा, हे खेळाडूनेच ठरवायचे असते.

नाडाच्या समितीने नरसिंगला या दारातून बाहेर काढले. वाडाने लवादाकडे दाद मागितली. तिथे कॅनडाच्या तज्ज्ञ क्रिस्तियान आयोत यांचे मत निर्णायक ठरले. त्यांच्या मते, पहिल्या नमुन्यातील प्रमाण पाण्यात मिसळलेल्या भुकटीशी नव्हे, तर एक-दोन गोळ्या घेतल्याशी जुळत होते. घातपात शक्य आहे, पण संभवनीय नाही आणि त्याला खऱ्या पुराव्याचा आधारही नाही, असा लवादाचा निष्कर्ष होता. नाडाच्या समितीने कथेची शक्यता तोलली, लवादाने तिचा पुरावा मागितला. ऑलिम्पिकच्या तोंडावर देशभर उसळलेल्या सहानुभूतीचा समितीवर काहीच परिणाम झाला नसेल, असे मानणे कठीण आहे.

महामारीमुळे टोकियो ऑलिम्पिक वर्षभर लांबले आणि बंदी संपलेल्या नरसिंगला अनपेक्षित संधी मिळाली. डिसेंबर २०२० मध्ये तो बेलग्रेडच्या वैयक्तिक विश्वचषकात उतरला. टोकियोचे तिकीट मात्र त्याला मिळाले नाही.

याच नियमाचे दुसरे, काहीसे सौम्य रूप मुंबईच्याच पृथ्वी शॉच्या वाट्याला आले. २०१८ मध्ये राजकोटला कसोटी पदार्पणातच त्याने १३४ धावा केल्या होत्या. २२ फेब्रुवारी २०१९ रोजी इंदूरमध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेदरम्यान त्याचा नमुना घेतला गेला आणि त्यात टर्ब्युटालिन निघाले. वैभववाडीपासून वांद्र्यापर्यंत कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या खोकल्याच्या कित्येक औषधांत असणारा हा घटक. पावसाळ्यात कफ झाला म्हणून शाळकरी धावपटूही घेईल असा. खोकल्याचे औषध घेतले होते, हे शॉचे स्पष्टीकरण बीसीसीआयने मान्य केले आणि तरीही आठ महिन्यांची बंदी घातली.

ती बंदी जाहीर झाली ३० जुलैला, पण लागू धरली १६ मार्चपासून. मधल्या काळात शॉ संपूर्ण आयपीएल खेळून मोकळा झाला होता! क्रिकेटचे चाचणी घेणारे, चौकशी करणारे आणि शिक्षा देणारे मंडळ तेव्हा एकच होते. पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट २०१९ मध्ये, अनेक वर्षांचा विरोध सोडून बीसीसीआयने नाडाचे अधिकारक्षेत्र मान्य केले. २०२२ मध्ये संसदेने राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक कायदा संमत केला आणि तोवर केवळ नोंदणीकृत सोसायटी असलेल्या नाडाला प्रथमच वैधानिक अधिष्ठान मिळाले.