घंटेच्या मागावर वसईला

आमची फाउंड्री कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात. चाळीस वर्षं वाळूचे साचे दाबण्यात गेली, त्यामुळे देवळात शिरलो की माझा हात आधी घंटेच्या काठावर जातो. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर एक पोर्तुगीज घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि 1707 हे साल, दोन्ही उठावात. मागाहून कोरलेलं नव्हे, ओतकामातच आलेलं. इतकी बारीक नक्षी भरून यायला धातू किती नेमका तापलेला हवा, ते ओतणाऱ्यालाच ठाऊक. मे 1739मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणून देवळांत वाहिल्या. नाशिकची नारोशंकराची घंटाही त्यातलीच म्हणतात. या घंटा उतरल्या कुठून, ते एकदा बघायचंच होतं, म्हणून वसईला गेलो.

कोल्हापुरात मिशन म्हटलं की 1852 साली आलेले मिशनरी वाइल्डरसाहेब आठवतात, शाळा आठवतात. वसईचं मिशन किल्ल्याच्या तटाच्या आत वाढलं. 1534मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली आणि फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा सगळ्या पंथांनी इथं चर्च बांधली. आज किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे. माणसं फिरायला येतात, पोरं फोटो काढतात. फ्रान्सिस्कन चर्चला छप्पर नाही. कमानी मात्र ताठ उभ्या आहेत. जमिनीवर थडग्यांचे दगड, त्यांवर पोर्तुगीज अक्षरं. आम्ही सगळे त्यांच्यावरूनच चालत होतो. मला ते सहन होईना, मी कडेकडेनं गेलो. शेजारी मराठीत दोन ओळी लिहिल्या असत्या, तर पोरंही बाजूनं चालली असती. कॅथेड्रलच्या मनोऱ्याखाली मान वर करून बराच वेळ थांबलो.

छप्पर शाबूत दिसलं ते जेझुइटांच्या चर्चला. ते आज गोन्सालो गार्सियाच्या नावानं ओळखलं जातं. हा वसईत जन्मलेला, आई इथलीच. व्यापारात पडला, मनिलाला जाऊन स्पॅनिश फ्रान्सिस्कनांत सामील झाला आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला आणखी पंचवीस जणांबरोबर क्रूसावर मेला. 1862 साली तो संत ठरला. वसईची माणसं त्याच्यासाठी इथं येत राहिली, म्हणून भिंतींवर पुन्हा छप्पर चढलं. लेकीकडे टेक्ससला गेलो होतो, तेव्हा सॅन अँटोनिओला हेच पाहिलं. तिथली स्पॅनिश मिशनं 1978पासून राष्ट्रीय उद्यान आहेत, पण रविवारी चर्चमध्ये प्रार्थना होते आणि बाकं माणसांनी भरतात.

घंटांचंही तसंच झालं. वितळवल्या असत्या तर तोफेचा गाडाभर धातू मिळाला असता. देवापुढं टांगल्या म्हणून राहिल्या. त्यांच्याखाली त्यांचं मूळ गाव लिहायला हवं, वसईचं नाव स्पष्ट अक्षरांत.

परतताना मुद्दाम मेणवलीला उतरलो. ओतीव कामाचा नाद तपासतो तशी बोटाच्या पेरानं घंटेवर टिचकी मारली, आणि आवाज विरेपर्यंत हात लांब ठेवून उभा राहिलो.