'पाखंड' हा शब्द शिवी कधी झाला?

आज मराठीत कुणाला 'पाखंडी' म्हटलं की दोनच अर्थ निघतात. एकतर तो ढोंगी आहे, नाहीतर धर्म बुडवायला निघालाय. संस्कृत कोश उघडला तर 'पाषंड' म्हणजे वेद न मानणारा, धर्मबाह्य, असंच सापडतं. आता हाच अर्थ मनात धरून अशोकाचा १२ वा शिलालेख वाचायला घ्या. राजा सांगतोय की मी सर्व 'पासंडां'चा सन्मान करतो, मग ते संन्यासी असोत की गृहस्थ. म्हणजे राजा ढोंग्यांचा सत्कार करत होता? काहीतरी चुकतंय हे लगेच कळतं, पण नेमकं काय चुकतंय ते दाखवायचं कसं? संशोधनाला सुरुवात करताना या एका शब्दावर आठवडाभर घालवला तरी वाया जात नाही.

पुरावा त्याच लेखात आहे. त्यात 'आत्पपासंड' आणि 'परपासंड' असे दोन शब्द येतात. स्वतःच्या पासंडाची उगाच स्तुती करू नये, दुसऱ्याच्या पासंडाची विनाकारण निंदा करू नये, जिभेवर ताबा ठेवावा, असा त्या मजकुराचा आशय. आता बघा, स्वतःला 'ढोंगी' किंवा 'धर्मबाह्य' कोण म्हणवून घेईल? जो शब्द माणूस स्वतःच्या गटालाही लावतो आणि समोरच्याच्याही, तो शिवी असू शकत नाही. इथे पासंड म्हणजे पंथ, किंवा एका विचाराने जगणाऱ्यांचा समुदाय. दिल्ली-टोपरा स्तंभावरच्या ७ व्या लेखातही हेच दिसतं. धम्ममहामात्र नावाचे अधिकारी बौद्ध संघ, ब्राह्मण, आजीवक, निर्ग्रंथ (म्हणजे जैन) आणि इतर नाना पासंडांच्या कामात नेमलेत, असं तिथे म्हटलंय.

कोशातला उत्तरकालीन अर्थ मागे नेऊन बसवला की काय होतं, याचा नमुना १९ व्या शतकातल्या सुरुवातीच्या इंग्रजी भाषांतरांत मिळतो. जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये ब्राह्मी उलगडली. त्यानंतरच्या काही वर्षांत झालेल्या भाषांतरांत पासंडासाठी 'श्रद्धाहीन' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द आला. सर्व पंथांच्या लोकांनी सगळीकडे राहावं, अशी इच्छा सांगणारा ७ वा शिलालेख त्यामुळे अविश्वासी लोकांबद्दलचा वाटू लागला. लिपी बरोबर वाचली, व्याकरणही बऱ्यापैकी लागलं, पण एका शब्दाने राजाचं धोरणच बदलून टाकलं. (आपल्याकडे सोपाऱ्याला ८ व्या आणि ९ व्या शिलालेखाचे तुकडे मिळालेत. त्यांत हा शब्द पाहायची संधी नाही, त्यासाठी गिरनारच गाठावं लागतं.)

आता या शब्दाचा सगळ्यात भारी साक्षीदार. १९६३ मध्ये अफगाणिस्तानात कंदाहारला एक ग्रीक शिलालेख मिळाला. त्यात १२ व्या लेखाचा शेवटचा भाग आणि १३ व्या लेखाची सुरुवात ग्रीक भाषेत आहे. म्हणजे अशोकाच्याच काळात कुणीतरी बसून 'पासंड'ला ग्रीक शब्द शोधला होता. त्याने निवडलेला शब्द आहे 'दिआत्रिबे'. मूळ अर्थ वेळ घालवणं, त्यावरून एखाद्या विषयात रमणं, आणि पुढे तत्त्वज्ञांची शाळा किंवा परंपरा. निंदेचा मागमूस नाही. १३ व्या लेखाच्या भागात तर अनुवादकाने 'ब्राह्मण' आणि 'श्रमण' हे शब्द ग्रीक अक्षरांत जसेच्या तसे ठेवलेत, आणि त्यांच्या जोडीला 'धर्मशीलतेत रमणारे इतर कोणी' अशा अर्थाची रचना केली आहे. तिथलं क्रियापदही दिआत्रिबेच्याच कुळातलं. गंमत म्हणजे या ग्रीक शब्दाचंही पुढे वाटोळं झालं. इंग्रजीत तो 'डायट्राइब' होऊन आला, तेव्हा त्याचा अर्थ झाला कुणावर तरी केलेली जहाल टीका!

समकालीन भाषांतराला इतकं वजन का द्यायचं? कोशकार शब्दाकडे अनेक शतकांनंतर मागे वळून बघतो. अनुवादकाला मात्र त्याच वेळी, त्याच कारभारात, लोकांना कळेल असा शब्द द्यावा लागतो. त्याच अनुवादकाने 'धम्म'साठी 'युसेबेइया' म्हणजे देव आणि वडीलधाऱ्यांविषयीचा आदरभाव, हा शब्द घेतला. कंदाहारलाच १९५८ मध्ये सापडलेल्या ग्रीक-अरमाइक द्विभाषिक लेखात अरमाइक बाजूला त्याच जागी 'सत्य' अशा अर्थाचा शब्द आहे. धम्माचं भाषांतर डोळे झाकून 'बौद्ध धर्म' करणाऱ्यांनी हे दोन शब्द आधी पाहावेत, असं माझं मत आहे.

मग शिवी कधी झाली? इथे बरेच जण सरळ रेघ ओढतात: आधी चांगला अर्थ, मग हळूहळू वाईट. पुरावा इतका शहाणा नाही. ओडिशातल्या हाथीगुंफा लेखात खारवेल राजाची स्तुती 'सर्व पासंडांची पूजा करणारा' अशी केली आहे, आणि तो अशोकानंतरचा आहे. उलट संयुत्तनिकायात मार एका भिक्षुणीला विचारतो की तुला कोणता पासंड पसंत आहे, तेव्हा ती सगळ्या पासंडांना बुद्धमार्गाच्या बाहेर काढते. मनुस्मृतीत पाषंडींना शब्दानेही मान देऊ नये आणि राजाने त्यांना जुगाऱ्यांबरोबर नगराबाहेर घालवावं, असं आहे. अर्थशास्त्राची तऱ्हा तिसरीच. तिथे पाषंडांची वस्ती स्मशानाकडेला सांगितली आहे आणि धर्मशाळा चालवणाऱ्याने पाषंडी व वाटसरूंना मुक्काम देण्याआधी वर कळवावं, असा नियम आहे. त्यात ना सन्मान ना शाप, फक्त पोलिसी संशय.

नीट पाहिलं तर फरक काळाइतकाच बोलणाऱ्याचा आहे. सगळ्या पंथांच्या वर उभं राहून, सगळ्यांना धरून चालू पाहणारा राजा बोलतो तेव्हा हा शब्द पंथ होतो. एखाद्या परंपरेच्या आतला माणूस बोलतो तेव्हा तो 'ते बाहेरचे' होतो, मग तो बौद्ध असो की ब्राह्मण. अशोकाने 'आत्पपासंड' म्हणून प्रत्येकाला त्या शब्दात ओढलं, हा मला तरी जाणूनबुजून केलेला प्रयोग वाटतो. तो टिकला नाही, कारण पुढे ग्रंथ लिहिले आणि जपले ते परंपरांच्या आतल्या लोकांनी.

राहिली व्युत्पत्ती. विद्यार्थी तिथूनच सुरुवात करतात, मी ती मुद्दाम शेवटी ठेवली. पाली टीकाकार म्हणतात, मतांचा 'पाश' टाकतात म्हणून पासंड. संस्कृतात दुसरीच फोड: 'पा' म्हणजे वेदधर्माचं रक्षण, त्याचं खंडन करणारा तो पाखंड. उत्तरेत 'ष'चा उच्चार 'ख' होत असल्याने 'खंड' आयता हाताशी आला. भाषाशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही कल्पना कच्च्या आहेत, पण फेकून देऊ नका. त्या रचल्या गेल्या तेव्हा शब्दाविषयी किती राग साचला होता, हे त्यांतून कळतं. त्यापेक्षा पटण्यासारखं मत म्हणजे 'पर्षद्' किंवा 'पार्षद', अर्थात सभा आणि सभेतले लोक, याच्याशी असलेलं नातं. त्याला आधार शाहबाझगढीच्या खरोष्ठी लेखाचा. तिथे हा शब्द 'प्रषंड' असा कोरलाय, आणि गिरनारला हरवलेला 'र' त्यात अजून शिल्लक आहे.