खोडदच्या मोटरी आणि रेसिंग ड्रोन

रेसिंग ड्रोनवाले मित्र भेटले की गप्पा हमखास 'केव्ही'वर येतात. केव्ही म्हणजे भार नसताना मोटर एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे घेईल तो आकडा. १९०० केव्हीची मोटर, २५ व्होल्टची भरलेली बॅटरी, म्हणजे कागदावर साडेसत्तेचाळीस हजार फेरे! ऐकायला झकास. पण पंखा लावला, हवा कापायला लागली की हा आकडा निम्मा-पाऊण उरतो. मग खरी परीक्षा कोणती? एका वॅटला किती ग्रॅम उचल मिळते, थ्रॉटल दिल्यावर वेग किती पटकन बदलतो, मोटर तापते किती?

हाच प्रश्न आपल्या जुन्नर तालुक्यात अगदी उलट्या टोकाने सोडवला गेलाय. पुण्याहून निघून मंचर, म्हणजे आंबेगाव तालुका, मागे टाकला की नारायणगाव येतं. तिथून जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, काही खोडदला आणि बाकीच्या २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या. प्रतिभार धरून शंभर टनांहून जास्त वजनाचा डोलारा हलवायचा, आणि त्यासाठी मोटरी किती मोठ्या? फक्त ६ अश्वशक्तीच्या! आडव्या फिरण्यासाठी दोन, वर-खाली होण्यासाठी दोन.

गंमत बघा. ड्रोनची एक मोटर पूर्ण जोरात २२ व्होल्ट आणि ४० अँपिअर घेते असं धरलं, तर चार मोटरी मिळून साडेतीन किलोवॅट होतात. खोडदची एक मोटर साडेचार किलोवॅटची. म्हणजे हातात मावणारा ड्रोन काही सेकंद तिच्या पाऊणपट ताकद खातो!

इतक्या छोट्या मोटरींवर भागतं कसं? श्रेय गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) यांच्या रचनेला. तबकडी पत्र्याची न करता त्यांनी ताणलेल्या दोरांवर बारीक तारांची जाळी बसवली. मीटरभर लांबीच्या लहरींना जाळी पत्र्यासारखीच वाटते, पण वारा मात्र आरपार जातो. मोटर वाढवण्याऐवजी त्यांनी तिच्यावरचा भार कमी केला. तरीही वारा ताशी ४० किलोमीटरच्या वर गेला की तबकडी आकाशाकडे सरळ तोंड करून उभी करावी लागते.

आता वेगाचं गणित. मोटर आणि तबकडी यांच्यामध्ये सुमारे १९ हजारपट गिअर आहे. तबकडी भरभर वळवायची तर मिनिटाला ३० अंश, म्हणजे मोटरचे साधारण १६०० फेरे. पण ताऱ्याचा पाठलाग करताना पृथ्वीच्या गतीने, ढोबळमानाने तासाला १५ अंश. तेव्हा मोटर मिनिटाला जेमतेम तेरा फेरे घेते, आणि तेही अजिबात धक्का न देता. शिवाय गिअरच्या दातांमधला ढिलेपणा घालवायला जोडीतल्या दोन मोटरी एकमेकींविरुद्ध थोडा जोर लावून ठेवतात. नुसत्या फेऱ्यांच्या हिशोबात हा वाया गेलेला जोर, पण इथे नेमकेपणा येतो तो त्यातूनच.

आधीच्या मोटरी कार्बन ब्रशच्या होत्या. ब्रश झिजतात, भुकटी सांडते, ठिणग्या उडतात. ब्रशऐवजी इलेक्ट्रॉनिक्सने प्रवाह फिरवायची कल्पना १९६२ सालच्या एका शोधनिबंधात मांडली गेली. १९८०च्या दशकात निओडिमियमची चुंबकं आली आणि ब्रशलेस मोटरी लहान पण ताकदवान झाल्या. २०१०च्या दशकात जीएमआरटी अद्ययावत झाली, तेव्हा इथेही ब्रशलेस मोटरी आल्या. ड्रोनमध्ये असतात त्यांच्याच गोत्रातल्या, फक्त स्वभाव वेगळा.

म्हणून मोटर निवडताना केव्ही शेवटी बघा. आधी भार किती, तो कमी होईल का, आणि आपल्याला हवं काय, सुसाट वेग की स्थिरपणा, हे ठरवा. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरतं. गेलात तर तबकड्यांचे फोटो काढून झाल्यावर मोटरींचंही जरूर विचारा.