वढकी, बढई आणि भंगाराची यादी

कार्ल्याच्या लेण्यात गेलात की सगळे खांबांवरचे हत्ती पाहतात. पुढच्या वेळी जरा मान वर करा. छताला ज्या कमानदार फासळ्या दिसतात त्या दगडाच्या नाहीत, सागवानी आहेत, आणि लेणं कोरलं त्या काळातल्या, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांच्या. स्तूपावरची छत्रीही लाकडीच. शेजारी भाज्याला छताच्या तुळईवर ब्राह्मी अक्षरं सापडली. ती इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. लोणावळ्याकडचा पाऊस आपल्याला ठाऊक आहे, वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वरच. त्यात हे लाकूड टिकलं. भाज्याचा दर्शनी भागही लाकडीच होता. तो उघड्यावर होता, गेला. खडकात खाचा तेवढ्या उरल्या. सागाच्या अंगात तेल असतं, वाळवी त्याला सहसा तोंड लावत नाही. तरी पाणी लागू न देणं हे कारागिराचंच काम.

कार्ल्याच्या शिलालेखांत दात्यांची नावं पुष्कळ आहेत. वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी आहे, धेनुकाकटचे यवन आहेत. आणि त्यांच्यात एक सुतार आहे : धेनुकाकटचा सामी, वेणुवासाचा मुलगा. त्यानं दार घडवलं. त्याचा धंदा लिहिला आहे ‘वढकी’. हा शब्द वाचला तेव्हा मी तिथंच थबकलो. आमचे अब्बा सुतार. कामशेतच्या बाजूला गावात त्यांना सगळे ‘सुतारचाचा’ म्हणत. पण घरात, आमच्या दखनीत, ते स्वतःला बढई म्हणवीत. वढकी आणि बढई, शब्द एकच!

आपल्याकडे कचेरीला खुर्ची तशी उशिराच आली. पेशवाईतला कारकून जाजमावर बसे, गुडघा उभा करून त्यावर कागद धरी, दप्तर रुमालात बांधी. टेबल-खुर्ची इंग्रजांबरोबर आली. सागाला मागणी मात्र जहाजांमुळे आधीच होती. जंगलं इतकी तुटू लागली की मुंबई सरकारनं 1847 मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांना वनसंरक्षक नेमलं. पुढे 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे वर आली, तिनंही लाकूड खाल्लं. मग लोखंडाचे दिवस आले. गोदरेजची पोलादी कपाटं 1923 पासून निघू लागली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी त्याच कंपनीनं विक्रोळीत 12 लाखांहून अधिक मतपेट्या तयार केल्या. सरकारी कचेऱ्यांतली किती तरी लाकडी टेबलं तर येरवड्याच्या कैद्यांनी घडवलेली.

अब्बांनी साठच्या दशकात एका कचेरीसाठी सागवानी खुर्च्या केल्या होत्या. वेताची बैठक, साल-कुसूचे सांधे, खिळा जवळजवळ नाहीच. “वेत तुटंल, लाकूड नाही. वेत बदलता आला पाहिजे,” असं ते म्हणत. सगळी मेख त्यातच होती. जो भाग आधी झिजणार तो सुटा ठेवायचा.

बी.ए. होऊन मी त्याच कचेरीत कारकून म्हणून चिकटलो. 2008 च्या सुमारास नूतनीकरण निघालं. जुन्या सामानाच्या निर्लेखनाची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. ‘लाकडी खुर्ची, मोडकी, नग 22.’ अक्षर माझं. मोडकी म्हणजे काय, तर बहुतेकींचा वेत गेला होता. वेत विणणारा माणूस तेव्हा बाजारपेठेत मिळत होता. दोन शब्द साहेबांना सांगायला हवे होते. मी सांगितले नाहीत. अब्बा तेव्हा हयात होते.

नवी टेबलं भुश्श्याच्या दाबीव फळीची आली. पहिल्याच पावसाळ्यात फरशी पुसता पुसता त्यांचे पाय पाणी पिऊन पावासारखे फुगले, बिजागऱ्या निखळल्या. स्क्रू एकदा सुटला की त्या फळीत दुसऱ्यांदा धरत नाही. पण दोष फळीचा म्हणू नये. वाया जाणाऱ्या भुश्श्याची, उसाच्या चोयट्याचीही ती होते. साऱ्या कचेऱ्यांना साग पुरवायचा म्हटला तर रान उरायचं नाही. कडा नीट बंद केल्या, पाय लोखंडी ठेवून फळी जमिनीपासून उचलली, फुटलेला तुकडा तेवढा बदलता आला, तर तीही पुष्कळ वर्षं जाते. तिथं यातलं काहीच केलं नव्हतं. अब्बांनी एकदा येऊन ते टेबल पाहिलं, खालून बोट फिरवलं आणि म्हणाले, “याला पावसाची ओळख करून दिली नाही कुणी.”

खुर्च्यांची गोष्ट त्यांना मी पुढे सांगितली. ते रागावले नाहीत. नग किती, एवढंच विचारलं. भंगारवाल्याकडून एक खुर्ची मी परत आणली. तिचा वेत मी आतापर्यंत दोनदा बदलून घेतला आहे. बाकीच्या कुठं गेल्या ते बरीच वर्षं कळलं नाही. मग एकदा कविसंमेलनाच्या निमित्तानं लोणावळ्यातल्या एका बंगल्यात गेलो. व्हरांड्यात चार मांडल्या होत्या, चकचकीत पॉलिश करून. यजमान कौतुकानं म्हणाले, “इंग्रजांच्या काळातल्या आहेत.”

मी बसून पाहिलं. कुरकुरली नाही.